सातानं भाग जातो

४ फेब्रुवारी

बारके,

मायना काय लिहावा यात दोन दिवस गेले. आपल्यात पत्रव्यवहार कधी नव्हता. एका घरात राहणाऱ्यांना त्याची गरज पडत नाही, आणि पुढे पडली तेव्हा दोघांनीही ती भागवली नाही. शेवटी घरी हाक मारायचो तीच वर लिहिली. पंचावन्नाव्या वर्षी कुणाला बारकी म्हणू नये हे कळतं, पण दुसरं काही हाताला येईना.

पत्ता मावशीच्या मुलीकडून घेतला. तो तिनं दिला हे तुला कळवायचं नाही असं तिनं दोनदा बजावलं होतं. कळवलं.

कामाचं असं आहे. निवृत्त झाल्यापासून मी एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत आकड्यांच्या गमतींवर सदर लिहितो. वाचक बरे आहेत, चुका काढायला टपलेले असतात. पुढच्या महिन्यात ७३९३९१३३ या संख्येवर लिहायचं म्हणतो. तुला ती मी सांगायची म्हणजे हसूच आहे, पण मसुदा तुझ्या नजरेखालून जावा म्हणून उतरवतो:

'सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानंही तिला पूर्ण भाग जात नाही. आता तिचा उजवीकडचा शेवटचा आकडा खोडा. ७३९३९१३ उरते. तीही मूळ. पुन्हा खोडा. ७३९३९१, तीही मूळ. मग ७३९३९, ७३९३, ७३९, ७३ आणि शेवटी नुसता ७. एकाही पायरीवर ती फुटत नाही. अशा संख्या साऱ्या मिळून त्र्याऐंशी आहेत आणि त्यांत ही सगळ्यांत मोठी. हिच्यापुढे नववा आकडा कोणताही लावा, कशानं ना कशानं भाग जातोच.'

त्र्याऐंशींची तुझी यादी असेल तर नक्कल पाठव. हल्ली ती कुठेही मिळते, पण तुझी पाहावी असं वाटलं.

माझं ठीक चाललंय. तुझी वहिनी पाच वर्षांपूर्वी गेली, ते तुला कळलं असेल. मागच्या महिन्यात शाळेच्या कार्यक्रमात कॉलेजचे ते प्राध्यापक भेटले, ज्यांना मी तुझं काम दाखवायला नेलं होतं. शहाऐंशी वर्षांचे आहेत, कानाला यंत्र आहे. तुझी चौकशी केली. बाकी विशेष काही नाही.

दादा


१९ फेब्रुवारी

बारके,

तुझं कार्ड आलं. तीन वाक्यं आणि खाली सगळं कोरं. पैकी पहिली दोन, 'यादी माझ्याकडे नाही. गुंडाळी तू नेली होतीस,' यांना उत्तर नको. तिसऱ्याला हवं. 'कितीनं भाग गेला होता?'

चौतीस वर्षांपूर्वी हे तू विचारलं नव्हतंस. मी घरी येऊन म्हटलं, 'तुझ्या सगळ्यांत मोठ्या संख्येला भाग गेला. म्हणाले, असले खेळ पुष्कळ लोक करतात.' तू टेबलाशी कारखान्यातून घरी आणलेलं कटिंग करत उभी होतीस. 'बरं' म्हणालीस, कात्री उचललीस आणि अर्धी राहिलेली बाही पुरी केलीस. मला ते बरं पडलं, कारण आकडा सांगायची माझी तयारी नव्हती.

सात.

कसं झालं ते सांगतो. त्यांच्या खोलीत टेबलामागे कोपरे उडालेला फळा होता. तुझ्या भागाकारांची खाकी कागदाची गुंडाळी मी टेबलावर ठेवली. त्यांनी दोन हात उलगडली, चष्मा कपाळावर सरकवून पाहिली आणि विचारलं, "हे सगळं हातानं केलंय?"

"हो."

"शिक्षण?"

"नववीत शाळा सुटली. कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करते. भागाकार मी शिकवला."

"सगळ्यांत मोठी कोणती म्हणते ती?"

मला संख्या पाठ होती. गुंडाळीत न बघता फळ्यावर लिहिली. त्यांनी हनुवटी मुठीवर टेकवली. दहा सेकंदही झाले नसतील. "मास्तर, हिला तर सातानं भाग जातो."

जातच होता. मी लिहिली होती ७३९३९३१३. शेवटून दुसरा आणि तिसरा, हे दोन आकडे उलटसुलट. तुझ्या संख्येत १३३ आहे, मी ३१३ लिहिलं. त्या चुकीच्या संख्येला सातानं चोख भाग जातो. तुझ्या संख्येला सातानं भागलं तर बाकी दोन उरते.

गेल्या आठवड्यात मसुदा लिहिताना हे लक्षात आलं. म्हणजे तुझं बरोबर होतं आणि चूक माझ्या हातची होती. वाईट वाटलं, म्हणून कळवतो आहे.

दादा


६ मार्च

बारके,

कार्ड मिळालं. या वेळी चार वाक्यं, प्रगती आहे.

'सातानं भागून बघायचं मी विसरले असेन असं त्यांना वाटलं तर ठीक, ते मला ओळखत नव्हते. तुला काय वाटलं? गेल्या आठवड्यात लक्षात आलं हे खरं नाही. पाठ केलेलं तू विसरत नाहीस.'

नाही विसरत. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, लक्षात आलं होतं. वर्गात मुलं गणितं सोडवत होती, मी वहीच्या कोपऱ्यात तुझी संख्या लिहून सातानं भागली. बाकी दोन आली. कॉलेज शाळेपासून वीस मिनिटांवर होतं. मी गेलो नाही.

त्या वेळी घरात काय चाललं होतं ते तुला सांगायला नको, तरी सांगतो. बाबांचं उजवं अंग गेलेलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. आईला एकटीला ते उचलत नसत. तू सकाळची पाळी करून दुपारी घरी यायचीस म्हणून माझी शाळा चालत होती. तू कॉलेजात गेली असतीस तर तिघांपैकी कुणीतरी मोडलं असतं. मी मनाशी म्हटलं, एक वर्ष जाऊ दे, बाबांचं काय होतंय बघू, मग मीच जाऊन सांगेन. बाबा सात महिन्यांनी गेले. त्याआधीच, पाचव्या महिन्यात, तू दुसऱ्या शहरातला कारखाना धरलास. मग सांगायचं कुणाला आणि कशासाठी?

हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते सरळ रेषेत लिहिता येतं.

आणखी एक. गुंडाळी मी टाकून दिली असं तुला म्हणालो होतो. ती माझ्याकडेच आहे. कपाटावर, जुन्या नकाशांच्या नळीत. म्हणजे पहिल्या पत्रात यादी मागितली तीही नाटक होती. तुला लिहायला काहीतरी निमित्त हवं होतं.

दादा


२१ मार्च

बारके,

एकच वाक्य. 'शनिवारी, की खडू हातात असतानाच?'

तू कारखान्यात तपासनीस व्हायला हवं होतंस. कदाचित असशीलही. मला माहीत नाही हे आत्ता लिहिताना जाणवलं.

खडू हातात असतानाच.

प्राध्यापक "सातानं भाग जातो" म्हणाले आणि चहा सांगायला दाराकडे वळले. मी फळ्याकडे बघितलं. ३१३. बघताक्षणी कळलं. हातात खडू होता, फडकं समोरच्या खिळ्याला टांगलेलं होतं. दोन आकडे पुसून लिहायला किती वेळ लागतो? ते परत येऊन खुर्चीत बसेपर्यंत मी तसाच उभा राहिलो. मग खडू खाली ठेवला.

घराचं कारण त्या क्षणी डोक्यात नव्हतं. ते शनिवारी आलं. त्या क्षणी जे होतं ते सांगतो.

आदल्या वर्षीचा हिवाळा आठव. त्र्याऐंशीपैकी साठ-पासष्ट संख्यांपर्यंत आपण बरोबरीनं आलो होतो. मी पदवीधर, गणिताचा मास्तर. माझ्या वर्गातली मुलं मला घाबरायची. शाळा सुटली की मी स्टाफरूममध्ये बसून नऊ आकडी संख्या शोधायचो. ती सापडली की कुठल्यातरी नियतकालिकाला पाठवायची, खाली माझं नाव, असं सगळं ठरलेलं. तुला बोललो नव्हतो. चार महिने शोधत होतो. एका रविवारी तू स्वयंपाकघराच्या टेबलावर शिलाईचे धागे गुंडाळत बसली होतीस आणि मान वर न करता म्हणालीस,

"दादा, नऊ आकडी नाहीच आहे."

"नाही कशावरून?"

"आठ आकडी पाचच आहेत. पाचांनाही पुढे एक, तीन, सात, नऊ लावून बघितले. सम आकडे आणि पाच तर आपोआप बाद. एकही टिकत नाही. झाडच संपतं तिथे."

"सगळ्यांना भागून बघितलंस?"

"मोठ्या संख्येला एक आणि सात लावले की तिनानंच भाग जातो, बेरीज करून बघ. तीन आणि नऊला जरा वेळ लागला."

आणि पुन्हा धागे गुंडाळायला लागलीस. मी बेरीज केली. बरोबर होती. माझे चार महिने तू दोन वाक्यांत मिटवलेस, आणि तुला ते कळलंसुद्धा नाही. आई म्हणाली, "बघ, तुझ्यापेक्षा बारकीचंच डोकं चालतं," आणि हसली. मीही हसलो.

फळ्यापुढे उभा असताना मला आईचं ते हसणं ऐकू आलं.

गुंडाळी आज रजिस्टर टपालानं पाठवली आहे. कडा फाटल्यात, मजकूर शाबूत आहे.

दादा


२ एप्रिल

बारके,

गुंडाळी पोचल्याची पावती आली. त्यावर सही तुझीच आहे. कार्ड आलं नाही. दहा दिवस वाट पाहिली. आता तू प्रश्न विचारत नाहीस, तर उरलेलं मलाच काढावं लागणार.

फळ्यावरच्या चुकीबद्दल मी तीन पत्रं लिहिली. दर खेपेला थोडं जास्त कबूल केलं. लिहिताना बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. ती चूक हा खरा प्रकार नव्हेच. तिनं काहीही बिघडलं नव्हतं.

प्राध्यापक चहा सांगून परत आले. त्यांनी गुंडाळी पुन्हा पुढे ओढली आणि चहा गार होईपर्यंत वाचत राहिले. मग म्हणाले, "या संख्या नव्या नाहीत, मास्तर. आधीच कुणीकुणी मोजून ठेवल्यात. एखादी चुकली असेल, चुकू दे. एका एका संख्येसाठी हजार हजार भागाकार केलेत या मुलीनं, आणि कुणी सांगितलेलं नसताना. मला संख्या नको, ही मुलगी हवी. सोमवारी दहाला घेऊन या. नववी-बिववी राहू दे, प्रवेशाचं मी बघतो."

मी "हो सर" म्हणालो.

'असले खेळ पुष्कळ लोक करतात' हे त्यांचं वाक्य नाही. घरी येताना वाटेत मी ते तयार केलं. पहिल्यांदा जरा लांब झालं होतं, मग दोन शब्द कमी केले.

सोमवारी दहा वाजता मी आठवीला अपूर्णांक शिकवत होतो. तू कारखान्यात होतीस. ते थांबले असतील. मंगळवारी त्यांनी शाळेत शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवली. मी उत्तर दिलं, 'बहिणीची इच्छा नाही.' त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आता जानेवारीतलं. शाळेच्या कार्यक्रमात मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी मला ओळखलं नाही. कुठला, काय, सांगितल्यावर यंत्र नीट करत म्हणाले, "तुमची बहीण होती ना एक? कटिंग करणारी? आली नाही ती त्या सोमवारी. मला वाटलं, मीच काहीतरी कमी बोललो." हे त्यांना चौतीस वर्षं वाटत होतं. मी तिथेही काही बोललो नाही. पण घरी आलो तो सरळ मावशीच्या मुलीला फोन लावला.

संपादकांशी बोललो आहे. सदरात हे सगळं लिहायला ते तयार आहेत, पूर्ण पान देतील. संख्या कुणी शोधली, फळ्यावर काय झालं, सोमवारचं, सगळं. तुझं नाव कसं छापायचं, लग्नाआधीचं की नंतरचं, तेवढं कळव.

दादा


१८ एप्रिल

दादा,

पत्र मिळालं. ते मी वाचलं आणि दोन दिवस शिवणाच्या कपाटात ठेवलं. घरच्यांनी विचारलं, भाऊ काय म्हणतो? मी म्हटलं, दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं खरं बोलतो.

सदरात लिहू नकोस. त्यात पुन्हा मोठा तूच होशील. लोक तुला पत्रं लिहितील, केवढं मन म्हणून. माझं नाव लग्नाआधीचंही छापायचं नाही आणि नंतरचंही नाही.

तुला माझं काही माहीत नाही, तर लिहिते. मी तपासनीस नाही. माझा स्वतःचा कारखाना आहे, नऊ बायका आहेत. आम्ही इस्पितळांचे गणवेश शिवतो. कटिंग अजून मीच करते. मुलगी आहे, ती गणितात कच्ची आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. त्या सोमवारी मी काय करत होते ते मला आठवत नाही. आठवायचा प्रयत्न केला. रोजच्यासारखाच असणार, बाह्या नाहीतर कॉलर. रडू आलं ते याचंच आलं, की आठवतसुद्धा नाही.

बाबांचं कारण तू पुढे केलंस ते मला सगळ्यात जास्त लागलं. त्यांची कूस मी बदलत होते. मला विचारलं असतंस तर मी कदाचित स्वतःच म्हटलं असतं, एक वर्ष थांबू या. ते म्हणायचा मान तरी मला द्यायचास.

गुंडाळी कारखान्यात कटिंगच्या टेबलावर उलगडली. टेबल पुरलं नाही, दोघींनी टोकं धरली. एकीनं विचारलं, "ताई, हा कशाचा पॅटर्न?" मी म्हटलं, जुना आहे, मापं बरोबर आहेत का बघतेय.

मग प्राध्यापकांना फोन केला. नंबर कॉलेजातून मिळाला. कोण बोलतंय ते तीनदा सांगावं लागलं. मी तुझं नाव घेतलं नाही, निरोप मला मिळाला नव्हता एवढंच सांगितलं. संख्या फळ्यावर चुकीची लिहिली गेली होती, तेही सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "मग बरोबर संख्येला कुठपर्यंत भागून बघितलंत?" मी म्हटलं, आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी. त्यापुढे गरज नाही. ते म्हणाले, "सगळ्या? नक्की?" मी म्हटलं, हो.

फोन ठेवला आणि मला राहवेना. गुंडाळीवर बोट ठेवून एकेक भाजक मोजत गेले. दोन दिवस लागले, मधे कामंही होती. शेवटून दुसऱ्या हातभर कागदावर ६२९९ आहे आणि त्याच्याखाली एकदम ६३११. मधली ६३०१ सुटली आहे. तीही मूळ आहे. म्हणजे तू कागद घेऊन गेलास त्या दिवशी माझं काम पुरं झालेलं नव्हतं, आणि फोनवर मी 'हो' म्हटलं ते खोटं ठरलं. तुझ्या चुकीचा याच्याशी काही संबंध नाही. ही माझी आहे.

तिथेच कोऱ्या जागेत खडूनं भागाकार केला. ११,७३४ वेळा जाते, बाकी ३,१९९.

पुन्हा फोन केला. म्हटलं, सर, एक सुटली होती, आता केली, भाग जात नाही. त्यांनी भाजक विचारला, बाकी विचारली, लिहून घेताना पुटपुटत होते ते ऐकू आलं. म्हणाले, "आता झालं." मग विचारलं, "त्या वेळी तुम्हाला यायचं होतं का हो?" मी म्हटलं, खूप. एवढं मोठ्यानं बोलावं लागलं की मशीनवरच्या बायका थांबल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना भेटायला तिकडे येते आहे. बरोबर मुलगी असेल. आम्ही लॉजवर उतरू. तू स्टेशनवर येऊ नकोस. त्यांच्या घरीही येऊ नकोस. तुझ्याकडे यायचं की नाही ते मला आत्ता माहीत नाही. तू स्वयंपाकघरात काय ठेवलं आहेस, आईचं टेबल आहे की विकलंस, असलं काहीतरी बघायला यावंसं वाटतं आणि लगेच नकोसं वाटतं. तुझ्या घराचा मजला कुठला आणि दारावर काय पाटी आहे तेवढं कळवून ठेव.